कंपनी बदलायची झाली तर? फोटो, नंबर, चॅट आणि फायली आपल्या हातात ठेवण्याची रीत

जहाजावरचा मुलगा सुट्टीवर आला की गोव्यातल्या बऱ्याच घरांत फोनांची बदली होते. त्याचा जुना आयफोन आईकडे जातो, आईचा अँड्रॉइड मामाकडे. पहिली संध्याकाळ कौतुकात जाते. दुसऱ्या दिवसापासून विचारणा सुरू होते. चवथीचे फोटो कुठे गेले? भजनी मंडळाच्या ग्रुपवरचं जुनं काही दिसत का नाही? सिलिंडरवाल्याचा नंबर कोणी पुसला? बहुतेक वेळा कोणीच काही पुसलेलं नसतं. ते एका कंपनीच्या खात्यात राहिलेलं असतं आणि माणूस दुसऱ्या कंपनीकडे आलेला असतो.

फोन, घड्याळ, इअरफोन, क्लाउड सगळं एकाच कंपनीचं घेतलं की आपोआप जुळतं. ही सोय खरी आहे, आणि वयस्कर माणसासाठी तर ती फार मोलाची आहे. पण आत जायला दोन मिनिटं लागतात आणि बाहेर पडायला आठवडे, हेही तितकंच खरं आहे. म्हणून कंपन्यांशी भांडत बसा असं मी सांगणार नाही. सोय घ्या. फक्त घेण्याआधी बाहेरची वाट बघून ठेवा, आणि वर्षातून एकदा आपलं सामान खरोखर बाहेर काढून बघा. ते कसं, हेच पुढे सांगतो.

कंपनी बदलायची वेळ आपल्या मर्जीनेच येते असं नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि लाखोंचे चाहते जमवलेली मंडळी रात्रीत शून्यावर आली. व्हिडिओ ज्यांनी फोनमध्ये ठेवले होते त्यांचे निदान व्हिडिओ तरी राहिले. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. स्काइप ५ मे २०२५ ला बंद पडलं. विकत घेतलेली किंडल पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने वाचनयंत्रात टाकण्याची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून घेतली. या सगळ्यात वापरणाऱ्याला कोणी विचारलेलं नव्हतं.

आधी एक कागद

तासभर बसा आणि हाताने यादी करा. मोबाइलमध्ये नको, कागदावरच. चार रकाने पुरतात: काय आहे (फोटो, संपर्क, मंडळाचा हिशेब, पासवर्ड), ते कोणाच्या खात्यात आहे, त्या खात्याची किल्ली कोणत्या नंबरवर किंवा ईमेलवर आहे, आणि ते उद्या बंद पडलं तर कोणाकोणाचं अडेल.

तिसरा रकाना भरताना बहुतेकांना धक्का बसतो. वडिलांचं बँकेचं ॲप मुलाच्या नंबरवर, मुलाचा ईमेल कॉलेजच्या पत्त्यावर, देवस्थान समितीची पावती-पुस्तकाची शीट माजी खजिनदाराच्या खासगी जीमेलमध्ये. इथे अडकवणारी कंपनी नसते, आपलीच मांडणी असते. म्हणून दुरुस्तीची सुरुवातही इथूनच करायची.

नंबर आणि ईमेल

मोबाइल नंबर ही सगळ्या खात्यांची किल्ली. सुदैवाने या बाबतीत आपल्या देशात नियम चांगला आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. मेसेजमध्ये इंग्रजीत ‘पोर्ट’, मग मोकळी जागा, मग आपला दहा आकडी नंबर लिहून १९०० वर पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. सध्याच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले असावेत आणि पोस्टपेडचं बिल थकलेलं नसावं. महाराष्ट्र आणि गोवा हे दूरसंचाराच्या हिशेबात एकच सर्कल आहे, त्यामुळे सावंतवाडीत घेतलेला नंबर म्हापशात पोर्ट करताना तो सर्कलबाहेरचा धरला जात नाही. सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस, बाहेर पाच.

तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या घरांनी एक गोष्ट विशेष सांभाळावी. प्रीपेड नंबर ९० दिवस कशालाच वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. शिल्लक २० रुपये असेल तर ते कापून ३० दिवसांची मुदत मिळते. जहाजावरचं कंत्राट याहून लांब असतं. नंबर गेला की बँकेचा ओटीपी गेला, आणि काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. म्हणून सिम घरी, एखाद्या साध्या हँडसेटमध्ये, रिचार्जची तारीख कॅलेंडरवर. व्हॉट्सॲप जहाजावरच्या फोनमध्ये सिमशिवायही त्याच नंबरवर चालत आलं आहे, पण सिम त्याच फोनमध्ये असावं असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला, म्हणून जाण्याआधी सध्याचा नियम बघून घ्या. शिवाय १२० दिवस व्हॉट्सॲप कुठेच उघडलं नाही तर व्हॉट्सॲप खातं काढून टाकू शकतं.

ईमेलला असं पोर्टिंग नाही. जीमेलचा पत्ता घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाता येत नाही. मार्ग एकच: स्वतःच्या नावाचं डोमेन. साधं डॉट-इन डोमेन वर्षाला काहीशे रुपयांत मिळतं. त्यावर ईमेल लावला की मागे सेवा गूगलची असो, झोहोची असो की आणखी कोणाची, पत्ता तुमचाच राहतो आणि कंपनी बदलली तरी कोणाला कळवावं लागत नाही. प्रत्येक घराला याची गरज नाही. होमस्टे, दुकान, क्लास, वकिली असं काही करत असाल तर मात्र हा खर्च टाळू नका. बाकीच्यांनी निदान महत्त्वाची खाती कॉलेजच्या, ऑफिसच्या किंवा इंटरनेट जोडणीसोबत मिळालेल्या पत्त्यावर ठेवू नयेत.

जागोजागी दिसणारी ‘गूगलने लॉगिन करा’, ‘ॲपलने लॉगिन करा’ ही बटणं सोयीची आहेत, पण प्रत्येक बटणासरशी एक दोर बांधला जातो. वीज बिल, बँक, विमा, शाळा यांच्यासाठी वेगळा पासवर्ड करा. गाण्याच्या ॲपसाठी बटण दाबलंत तरी चालेल.

फोटो: सगळ्यात जड सामान

खरे मेहनतीचे काम इथेच आहे, म्हणून सावकाश वाचा.

पहिल्यांदा फोटो नक्की कुठे आहेत ते बघा. आयफोनमध्ये ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू असेल तर फोनमध्ये बरेचदा छोट्या आवृत्त्याच असतात, मूळ फोटो आयक्लाउडवर. असा फोन केबलने संगणकाला लावून फोटो ओढले तर सगळे येत नाहीत, आणि लोकांना वाटतं की आले. फोनमध्ये जागा असेल तर आधी ‘डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स’ निवडा आणि सगळं उतरू द्या. जागा नसेल तर विंडोजसाठीचं आयक्लाउड किंवा ॲपलचं प्रायव्हसी पान वापरून मूळ फायली उतरवा. गूगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलेलं असेल तर ठेवलेले फोटो मुळापेक्षा दाबलेले असतात. त्यावर फोनमधून ‘फ्री अप स्पेस’ केलं की मूळ फोटो फोनमधूनही जातो. हे बटण दाबण्याआधी दहा वेळा विचार करा.

गूगलमधून बाहेर काढायचं साधन म्हणजे गूगल टेकआऊट. २०११ पासून ते आहे, फुकट आहे, आणि तरीही फार थोड्यांनी उघडलेलं असतं. संगणकावर लॉगिन करून टेकआऊट उघडा. आधी ‘डिसिलेक्ट ऑल’, मग फक्त गूगल फोटोजवर खूण. पुढे झिप फायलींचा आकार विचारतो. मोठा आकार निवडायचा मोह होतो, पण पावसाळ्यात सत्तरी किंवा काणकोणात वीज दिवसातून चार वेळा जात असेल तर २ किंवा ४ जीबीचे तुकडेच घ्या; मध्येच तुटलं तर एकच तुकडा पुन्हा उतरवावा लागतो. तयार झाल्यावर ईमेलने लिंक येते आणि ती साधारण आठवडाभरच चालते. म्हणून काम शुक्रवारी सुरू करू नका आणि मग गावच्या जत्रेत ते विसरू नका. वेळेचा अंदाज असा: २०० जीबी फोटो आणि ४० एमबीपीएसची जोडणी असेल तर अखंड वेगानेही अकरा तास लागतात.

उतरवलेल्या फोल्डरमध्ये प्रत्येक फोटोसोबत जेसन नावाची छोटी फाइल दिसेल. ती कचरा नाही. तुम्ही गूगलमध्ये हाताने दुरुस्त केलेली तारीख, लिहिलेलं वर्णन, ठिकाण हे तिच्यात असतं. आजोबांच्या जुन्या फोटोंना स्कॅन करून तारखा घातल्या असतील तर त्या तारखा या फायलींतच राहतात, म्हणून त्या फोटोंसोबतच जपा.

गूगलकडून ॲपलकडे किंवा उलट जायचं असेल तर एवढं उतरवायची गरजही नसते. ॲपलने आयक्लाउडमधून गूगल फोटोजमध्ये थेट प्रत पाठवायची सोय २०२१ मध्ये सुरू केली, गूगलने उलट दिशेची २०२४ मध्ये. ॲपलच्या प्रायव्हसी पानावर ‘ट्रान्सफर अ कॉपी’ आणि गूगल टेकआऊटमध्ये ॲपलकडे पाठवण्याचा पर्याय शोधा. काही दिवस लागतात. ही प्रत असते, मूळ जागचे फोटो तसेच राहतात. पलीकडे पुरेशी जागा आधी विकत घेऊन ठेवावी लागते. गूगलची फुकट जागा १५ जीबी, ॲपलची ५ जीबी. आपल्या फोटोंपुढे दोन्ही तुटपुंज्या.

आयफोन २०१७ पासून हाइक नावाच्या दाबलेल्या स्वरूपात फोटो काढतो. जुन्या संगणकांवर आणि काही सरकारी अर्जांच्या संकेतस्थळांवर तो उघडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’मध्ये जाऊन ‘मोस्ट कंपॅटिबल’ केलं की साधा जेपेग येतो. थोडी जागा जास्त जाते, पण पुढची वीस वर्षं तो कुठेही उघडेल. घरगुती फोटोंसाठी मी हेच सांगेन.

शेवटी एक बाह्य हार्ड डिस्क घ्या आणि एक्सफॅट प्रकाराने फॉरमॅट करा, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहिता येते. दोन प्रती: एक घरी, एक बहिणीकडे किंवा आजोळी. आपल्या दमट हवेत डिस्क भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि दरवर्षी चवथीच्या आधी एकदा लावून उघडून बघा.

व्हॉट्सॲप: इथे अडकवतात ती माणसं

अमेरिकेत आयफोनच्या मेसेजचा निळा-हिरवा रंग (आयफोनवाल्यांचे निळे, बाकीच्यांचे हिरवे) हा मोठा विषय असतो. आपल्याकडे त्याला कोणी विचारत नाही, कारण आपण सगळे व्हॉट्सॲपवर आहोत. त्यामुळे फोन बदलणं तुलनेने सोपं झालं, पण व्हॉट्सॲप सोडणं जवळपास अशक्य झालं. वाड्याचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, महाजनांचा ग्रुप, पंचायतीचा ग्रुप. युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मोठ्या मेसेजिंग सेवांना इतर ॲपशी जोडणी देणं बंधनकारक झालं. तो कायदा तिथलाच, आपल्या ग्रुपला त्याचा उपयोग नाही.

फोन बदलताना नियम साधा. अँड्रॉइडवरून अँड्रॉइड किंवा आयफोनवरून आयफोन असेल तर सेटिंगमध्ये ‘ट्रान्सफर चॅट्स’ आहे, क्यूआर स्कॅन करून दोन फोन शेजारी ठेवले की झालं. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचं तर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप लागतं, आणि आयफोन नवा किंवा पूर्ण रीसेट केलेला असावा लागतो. आयफोनवरून अँड्रॉइडवर येताना बहुतेक वेळा केबल लागते आणि तेही नव्या फोनच्या पहिल्या सेटअपच्या वेळी. लेखाच्या सुरुवातीच्या आईचं घोडं इथेच अडतं: अँड्रॉइडचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर असतो आणि आयफोनवरचं व्हॉट्सॲप तो वाचत नाही. मुलाने फोन तयार करून आईच्या हातात देण्याआधी हे केलं असतं तर सगळं आलं असतं. आधी फोन सुरू करून मग चॅट आणायला गेलात तर पुन्हा पुसून सुरुवात करावी लागते.

ग्रुपचा इतिहास दुसऱ्या ॲपमध्ये नेता येत नाही, म्हणून महत्त्वाचं काही ग्रुपमध्ये एकटं ठेवायचंच नाही. देवस्थानच्या, भजनी मंडळाच्या, हौसिंग सोसायटीच्या कामात मी हे नियम सुचवतो. ग्रुपला किमान दोन ॲडमिन असावेत. सभेचा ठराव ग्रुपमध्ये टाकाच, पण तो पीडीएफ म्हणून मंडळाच्या फोल्डरमध्येही जावा. वर्गणीची यादी साध्या सीएसव्ही किंवा स्प्रेडशीट स्वरूपात दर महिन्याला उतरवून खजिनदार आणि सचिव या दोघांकडे राहावी. मंडळाचा ईमेल पदाच्या नावाचा असावा, व्यक्तीच्या नावाचा नको; समिती बदलली की पासवर्ड आणि जोडलेला नंबर दोन्ही हस्तांतरित व्हावेत आणि त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी. एखाद्या चॅटची कायम प्रत हवी असेल तर ‘एक्स्पोर्ट चॅट’ने साधी मजकूर फाइल मिळते, ती कुठेही उघडते.

जुन्या फॉन्टमध्ये अडकलेलं मराठी

मराठी माणसाचा एक कुलूपबंद खजिना असा आहे ज्याबद्दल इंग्रजीत लिहिणारे कधी बोलत नाहीत. गोव्यात गावोगावी जत्रेला मराठी नाटक होतं. त्या नाटकांच्या टाइप केलेल्या संहिता, भजनी मंडळांची पदं, देवस्थानांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका, शाळांचे अंक: यातलं किती तरी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी असल्या त्या काळच्या फॉन्टमध्ये आणि पेजमेकरच्या फायलींत पडून आहे. या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठीची आकृती काढलेली असते. फॉन्ट गेला की मजकूर गेला. गूगलवर तो सापडत नाही, फोनवर वाचता येत नाही, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही. पेजमेकर तर आज कोणी विकतही नाही आणि त्याच्या फायली आताच्या छपाई-सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडत नाहीत.

हे सोडवता येतं, आणि आता करायला हवं, कारण ते टाइप करणारी आणि वाचून चूक ओळखणारी माणसं अजून आपल्यात आहेत.

आधी चाचणी: फाइलमधल्या दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर ते युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत आहे, काळजी नाही. ‘डब्ल्यू’, ‘झेड’, टक्क्याची खूण, कंस अशी भेसळ दिसली तर जुना फॉन्ट. फाइलमध्ये फॉन्टचं नेमकं नाव बघून लिहून घ्या, कारण एकाच कंपनीच्या दोन फॉन्टची मांडणी वेगळी असू शकते. मग त्या फॉन्टसाठीचा युनिकोड परिवर्तक शोधा; इंटरनेटवर असे बरेच मोफत मिळतात. एकदम पूर्ण पुस्तक टाकू नका. पान-दोन पानं टाका आणि रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं तपासा, कारण चुका बहुधा तिथेच होतात. ‘र्य’, ‘ऱ्य’, ‘ट्र’, ‘ज्ञ’, ‘क्ष’ नीट आले तर बाकी सहसा नीट येतं.

परिवर्तक चालला नाही आणि छापील प्रत असेल तर ती स्वच्छ स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवून ‘गूगल डॉक्समध्ये उघडा’ म्हणा. छापील मराठी तो बऱ्यापैकी ओळखतो. मग मंडळातल्या दोन जणांनी एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. वेळ लागेल. पण एकदा युनिकोड झालं की ते कोणत्याही कंपनीचं राहत नाही. जपून ठेवताना एक प्रत साध्या मजकुराची, एक ओडीटी किंवा डॉक्सची आणि एक पीडीएफ. नवीन टायपिंग फक्त युनिकोडमध्येच करा, इनस्क्रिप्ट असो की उच्चारानुसारचा कळफलक. ‘मुक्त’, ‘नोटो’ या नावांचे चांगले फॉन्ट फुकट मिळतात. छापखाना ‘आम्हाला जुन्याच फॉन्टमध्ये द्या’ म्हणाला तर त्याला तसं द्या, पण मूळ युनिकोड प्रत स्वतःकडे ठेवल्याशिवाय नको.

होमस्टे आणि दुकान

घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्यांसाठी बुकिंगची संकेतस्थळं म्हणजे पहिली दोन वर्षं वरदान. पाहुणे येतात, पैसे वेळेवर मिळतात. अडचण तिसऱ्या वर्षी कळते: जमवलेले शंभर चांगले अभिप्राय त्या संकेतस्थळाचे असतात, ते दुसरीकडे नेता येत नाहीत, आणि पाहुण्याचा खरा ईमेलही अनेकदा दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःची नोंदवही ठेवा. परदेशी पाहुण्यांची सरकारी नोंद (सी फॉर्म म्हणून ओळखली जाणारी) चोवीस तासांत करावीच लागते, त्याच वेळी परवानगी विचारून संपर्क लिहून घ्या. एक साधं पान स्वतःच्या डोमेनवर असू द्या. गूगल मॅप्सवरची तुमची नोंद मात्र स्वतःच्याच खात्यातून घ्या. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने ती आपल्या खात्यात उघडली असेल, डोमेनही त्याच्याच नावावर घेतलं असेल, तर आज सकाळीच त्याला फोन करून मालकी आपल्याकडे वळवून घ्या. तो चांगला मुलगा असेल, पण तो उद्या दुबईला गेला तर?

पैशांच्या बाबतीत आपली स्थिती जगात बऱ्यापैकी चांगली आहे. यूपीआयमध्ये एका ॲपने दुसऱ्या ॲपच्या क्यूआरवर पैसे जातात, आणि बंदिस्त क्यूआर काढून परस्पर चालणारे क्यूआर आणायला रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलं. दुकानदाराला बांधतं ते क्यूआर नसून पैसे आल्याचं बोलून सांगणारं यंत्र आणि त्याचं मासिक भाडं. ते घेताना सोडायची अट विचारा. ॲप बदलताना जुन्या ॲपमधल्या ऑटोपेच्या मंजुऱ्या उघडून बघा आणि नको त्या तिथेच रद्द करा.

कायद्याकडून किती अपेक्षा ठेवायची

थोडीच. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला; मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि काही निर्देश रद्द केले. युरोपात आपला डेटा वापरता येईल अशा स्वरूपात मागून घेण्याचा हक्क मे २०१८ पासून आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो उरला नाही. हा हक्क परत यायला हवा असं मला ठामपणे वाटतं. तोवर टेकआऊटसारखी साधनं कंपनीच्या मर्जीवर चालू आहेत, आणि ती चालू आहेत तोवर वापरून घ्यायला हवीत.

खरेदीआधी

नवी वस्तू घेताना दुकानदाराला एकच प्रश्न: माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचा फोन आला तर ही चालेल का? ॲपलचं घड्याळ अँड्रॉइडसोबत चालत नाही. सॅमसंगची गॅलक्सी वॉच ४ पासूनची (२०२१) घड्याळं आयफोनसोबत चालत नाहीत. इअरफोन ब्लूटूथवर कुठेही चालतात, काही खास सोयी तेवढ्या जातात. चार्जिंगचा प्रश्न बराचसा सुटला. युरोपच्या नियमापाठोपाठ आयफोन १५ पासून ॲपलही टाइप-सीवर आलं. घरातले बल्ब आणि प्लग घेताना ‘मॅटर’ हे चिन्ह बघा, ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये चालतात. प्रिंटरमध्ये चिप असलेली काडतुसं टाळा, शाईची टाकी असलेला घ्या.

आणि काही ठिकाणी बांधून घ्यायला हरकत नाही. ऐंशीच्या आजीचा फोन मुलांच्याच कंपनीचा असावा, म्हणजे वास्कोतून किंवा कुवेतमधून सांगता येतं ‘आता वरचं बटण दाब’. तिथे निवडीच्या स्वातंत्र्यापेक्षा तिचा फोन वाजला आणि उचलता आला हे जास्त महत्त्वाचं.

पासवर्ड ब्राउझरमध्ये असतील तर तिथून सीएसव्ही उतरवून बिटवॉर्डन किंवा कीपाससारख्या, पासवर्ड ठेवणाऱ्या आणि सगळीकडे चालणाऱ्या ॲपमध्ये न्या, आणि ती सीएसव्ही लगेच पुसा. त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं. संपर्क गूगल कॉन्टॅक्ट्समधून किंवा आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून व्हीसीएफ फाइल म्हणून वर्षातून एकदा उतरवा. नवा नंबर फोनमध्ये, सिममध्ये की खात्यात जातो, हे सेटिंग एकदा बघून घ्या.

बदलायचंच ठरलं तर

क्रम पाळा. जुना फोन हातात आणि चालू असताना नव्यावर व्हॉट्सॲप आणा, मग संपर्क, मग बँकेची आणि यूपीआयची ॲप, शेवटी फोटो. आयफोन सोडत असाल तर सिम काढण्याआधी आयमेसेज आणि फेसटाइम बंद करा, नाहीतर आयफोनवाल्यांचे मेसेज जुन्या जागीच जात राहतात. दोन-तीन महिने जुनं खातं आणि त्याची विकत घेतलेली जागा सोडू नका. तेवढ्यात एखादं विमा-पत्र, एखादी वर्गणीची पावती सापडतेच. जुन्या ईमेलवरून नव्यावर फॉरवर्डिंग वर्षभर राहू द्या.

खाती कायमची मागे ठेवत असाल तर लक्षात असू द्या: दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं कंपनी पुसू शकते. गूगलच्या ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये आणि ॲपलच्या ‘लेगसी कॉन्टॅक्ट’मध्ये घरच्या एकाचं नाव घाला, ॲपलची किल्ली छापून घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा, कारण ती मृत्यूच्या दाखल्यासोबत लागते. जुना फोन मामाला देण्याआधी आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करा आणि ॲपल खात्यातून बाहेर पडा, अँड्रॉइड असेल तर गूगल खातं काढा, आणि मगच फॅक्टरी रीसेट. हा क्रम उलटा झाला तर मामाच्या हातात जुन्या मालकाचा पासवर्ड मागणारा बंद फोन येतो.